छाटणीची कात्री घेतली, दोन हंगाम वापरली, आता सांगतो

सिकेटर, म्हणजे ही छाटणीची कात्री, घेतल्या घेतल्या रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी दोनच स्टार दिले असते अन् ते चुकले असते, म्हणून दोन हंगाम थांबलो.

आमचं घर धुळ्यात, देवपूरला. कंपाउंडच्या भिंतीवर दुपारनंतरचं ऊन सरळ येतं, मे महिन्यात हात लावला तर चटका बसतो. त्या भिंतीला एक फालसा अन् एक करवंद लावलंय, जीआय तारेच्या तीन ओळी ताणून फांद्या पंख्यासारख्या पसरवून सुतळीनं बांधल्यात. जागा वाचते, काटे अंगाला लागत नाहीत अन् फळ डोळ्यासमोर राहतं.

कात्री आग्रा रोडजवळच्या एका कृषी दुकानातून ४५० ला घेतली, डाळिंबवाले वापरतात तीच. बोटाएवढी फांदी एका दाबात जाते. फालशाची साल वाखासारखी चिवट असते, आधीच्या बोथट कात्रीनं फांदी तुटायची पण साल खालपर्यंत सोलून लोंबायची, ती कटकट आता गेली. करवंदाचा चीक मात्र पात्याला असा चिकटतो की दहा फांद्यांनी कात्री उघडत नाही, रॉकेलच्या फडक्यानं पुसत बसावं लागतं, पण त्यात कात्रीचा काय दोष.

दोष माझा होता. पहिल्या वर्षी डिसेंबरच्या शेवटी नवी कात्री हातात आली अन् मी दोन्ही झाडं एकसारखी भादरली. फालसा एप्रिलमध्ये फळानं लदला, करवंदावर बोटावर मोजता येतील एवढी फळं. दुकानात जाऊन मी तावातावानं म्हटलं तुमच्या कात्रीनं झाड बिघडलं. काउंटरवरचे काका हसले, म्हणे भाऊ, फालशाला फळ नव्या फुटीवर येतं, तो थंडीत पान गाळतो तेव्हाच कापायचा. करवंदाचं फूल जुन्या फांदीच्या शेंड्याकडं, तू डिसेंबरात शेंडेच उडवले तर फूल येणार कुठून? ते फळ उतरवल्यावर, पावसाळ्याच्या तोंडी कापायचं. एवढं कात्री विकतानाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, पण जाऊ द्या, उशिरा का होईना सांगितलं.

खताचंही त्यांचंच ऐकलं. मी युरिया टाकायचो, फुटी भिंतीच्या वर जायच्या अन् पानंच पानं. आता छाटणीनंतर दोन पाट्या कुजलेलं शेणखत अन् फळ धरल्यावर ०:०:५० हे पाण्यात विरघळणारं पोटॅश खत, एका लिटरला ५ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन फवारे, तेही संध्याकाळी. हे पोटॅश केळीवाल्यांच्या घरात पडलेलंच असतं, उगीच मोठं पॅकेट घेऊ नका. भिंतीच्या पायाशी बांधकामाचा चुरा असतो, पाणी टिकत नाही, म्हणून शेतातल्या जुन्या ड्रिपचा तुकडा टाकून दोन ड्रिपर लावले, तेव्हा कुठे फळ भरायला लागलं.

जाड फांदी कापली की त्या जागी मोरचूद अन् चुन्याची बोर्डो पेस्ट लावतो.

यंदा फालसा रोज वाटीभर निघाला. एकदम पिकत नाही, एक दिवस तोडायचा राहिला की बुलबुल उरकून टाकतात, अन् फ्रीजमध्येही दोन दिवसांवर टिकत नाही, त्यामुळे सरबत रोजचंच. करवंदं पण यंदा जमली, आईनं कच्चीच उतरवून लोणचं घातलं, बाकीची पिकायची वाट बघतोय.

कात्रीला चार स्टार. एक कापला कारण पावसाळ्यात स्प्रिंग गंजली अन् सुटी स्प्रिंग त्या दुकानात मिळेना, शेवटी सायकलवाल्याकडून एक जुळवून बसवली, ती जरा कडक लागते.