चेल्लिनीचा म्हणून खपलेला पेला, आणि जुने चषक घेताना होणारी फसवणूक

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात रोस्पिल्योझी पेला म्हणून एक वस्तू आहे. शिंपल्याच्या आकाराची सोन्याची वाटी, तिच्याखाली ड्रॅगन, ड्रॅगनच्या पायाखाली कासव आणि काठावर मीनाकारी केलेली स्फिंक्स, म्हणजे बाईचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेला काल्पनिक प्राणी. बेंजामिन ऑल्टमन यांच्या मृत्युपत्रातून १९१३ साली तो संग्रहालयाला मिळाला, तेव्हा सोळाव्या शतकातला नामवंत इटालियन सोनार बेन्व्हेनुतो चेल्लिनी याचं काम म्हणून त्याची ख्याती होती. तो निघाला एकोणिसाव्या शतकातला.

बिंग फुटलं ते कागदांमुळे. राइनहोल्ट फास्टर्स (१८२७–१९०९) हा जर्मनीतल्या आखेनचा सोनार. तिथल्या कॅथेड्रलच्या खजिन्याची दुरुस्ती तो करायचा, त्यामुळे अस्सल जुनं काम कायम त्याच्या हाताखाली. त्याची हजाराहून अधिक रेखाटनं १९१९ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पोचली आणि साठ वर्षं कुणी त्यांचा अर्थ लावला नाही. १९७९ मध्ये चार्ल्स ट्रुमन यांनी तो लावला. जुनी वस्तू समोर ठेवून चित्र काढलं तर ती अखंड दिसते. इथे दांडा, कडा, मूठ असे भाग सुटे काढून कारागिरासाठी सूचना लिहिल्या होत्या. म्हणजे हे घडवण्याआधीचे आराखडे होते, आणि त्यांत या पेल्याचेही होते.

सगळ्यात घातक असतो तो अर्धा खरा पेला. स्फटिकाची वाटी जुनी, तिला बसवलेला सोन्याचा साज नवा. वाटी तपासणारा खूश होतो आणि साजाकडे बघतच नाही. म्हणून प्रत्येक भाग वेगळा तपासा. वाटी, दांडा आणि बुड बहुधा आतल्या सळीने आणि चाकीने जोडलेले असतात. विक्रेत्याकडून ते सोडवून घ्या. आटे अगदी सारखे, यंत्रावर कापल्यासारखे असतील तर तो जोड तरी जुना नाही. हिरव्या मीन्यात कोणते धातू आहेत हे सांगणारी क्ष-किरण तपासणी करून घ्या. क्रोमियमचा शोध १७९७ चा, त्याआधीचा हिरवा रंग बहुतेक तांब्याचा, म्हणून क्रोमियम असलेला मीना नंतरचा. मात्र एकाच ठिकाणी क्रोमियम सापडलं तर ती नंतरची डागडुजी असू शकते, त्यामुळे तीन-चार जागा तपासायला हव्यात.

भारतातून ऑनलाइन लिलावात बोली लावणाऱ्यांच्या वाट्याला सोनं क्वचितच येतं, चांदीचे जर्मन चषक मात्र हमखास येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हानाऊ शहरातल्या कारखान्यांनी जुन्या धाटणीची चांदी भरपूर बनवली आणि तिच्यावर जुन्यासारखे दिसणारे शिक्के मारले. तेव्हा ती नवी म्हणूनच विकली जायची. तिला ‘सतराव्या शतकातली’ म्हणतात ते पुढचे विक्रेते. चंद्रकोर, मुकुट आणि ८०० (हजारात आठशे भाग चांदी) असा जर्मनीचा छाप असेल तर चषक १८८८ नंतरचा. ऑग्सबर्ग आणि न्यूरेम्बर्ग या जुन्या चांदीकामाच्या शहरांचे शिक्के, म्हणजे पाइनचं फळ किंवा एन्, दिसले म्हणून हुरळून जाऊ नका.

शिक्का ठोकलेला आहे की ओतलेला, हे भिंगाखाली पाहा. ठोकलेल्या शिक्क्याच्या कडा धारदार असतात. साच्यातून आलेल्याच्या कडा बोथट आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं. ओतीव नक्कल थंड होताना आकसते, म्हणून मूळ चषक माहीत असेल तर मापं ताडून पाहा, ती थोडी कमी भरतात. दुसरी लबाडी म्हणजे लहान, अस्सल वस्तूवरचा शिक्का कापून नव्या बुडात डाखाने बसवणं. त्या जागेवर तोंडाची वाफ सोडा, डाखाची रेघ क्षणभर उमटते. वाटीच्या आत हातोडीचा एकही ठसा नसेल आणि पृष्ठभाग दाणेदार असेल, तर ती विजेच्या साहाय्याने धातू चढवून केलेली प्रत असण्याची शक्यता मोठी. ही पद्धत १८४० च्या आसपास रुळली.

पावतीवर वस्तूचं गाव आणि काळ स्पष्ट लिहून घ्या, उदाहरणार्थ ‘ऑग्सबर्ग, सुमारे १६२०’. ‘ऑग्सबर्ग शैली’ लिहिलं असेल तर काळाची कसलीच हमी नाही, आणि किंमतही तशीच द्या.

दुरुस्तीला देतानाही सावध राहा. व्हिएन्नातला व्यापारी सालोमोन वाइनिंगर याच्याकडे १८६० च्या दशकात पवित्र काट्याची अवशेषपेटी, म्हणजे ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला मानलेला काटा ठेवलेली पेटी, दुरुस्तीला गेली. त्याने नक्कल परत केली आणि मूळ विकली. मूळ पेटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वस्तू हातची जाण्याआधी ग्रॅममध्ये वजन, उंची, प्रत्येक शिक्क्याचे आणि प्रत्येक ओरखड्याचे जवळून फोटो घ्या, आणि त्या कागदावर दुरुस्ती करणाऱ्याची सही घ्या.