'अनलिमिटेड' फायबर: नऊ महिन्यांनंतर

तुळशीच्या लग्नाच्या आठवडाभर आधी फायबर इंटरनेटचं कनेक्शन घेतलं, म्हणजे आमचा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर. मी सांगलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. फोरकेमध्ये शूट केलेलं एक लग्न, हळद-साखरपुड्यासकट, साडेतीनशे जीबीच्या आसपास जातं. एक प्रत क्लाउडवर, एक कोल्हापूरला व्हिडिओचा कलर (रंग जुळवायचं काम) करणाऱ्याकडे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. लाइन आमच्या गल्लीतला केबलवाला पोरगाच बघतो आणि त्याची-माझी रोज गाठ पडते.

प्लॅन २०० एमबीपीएस स्पीडचा, 'अनलिमिटेड', महिना ७९९ अधिक १८ टक्के जीएसटी. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले.

आधी चांगलं सांगतो. वायर लावून १९० च्या खाली स्पीड क्वचितच आला. आतल्या खोलीत वायफायवर ६० मिळतो, पण तो दोष आमच्या जुन्या दगडी भिंतीचा. नऊ महिन्यांत दोनदा केबल तुटली: एकदा गटाराच्या कामात जेसीबीने उचलली, एकदा उंदराने कुरतडली. दोन्ही वेळा दिवस मावळायच्या आत पोरगा शिडी घेऊन हजर. सर्व्हिसला पैकीच्या पैकी मार्क.

फेब्रुवारीत, १८ तारखेला, अपलोड अडकला. स्पीड बघितला तर २. राउटर बंद-चालू केला, वायर बदलली, बायकोचा मोबाइल, मुलाचा लॅपटॉप सगळं काढून बघितलं. दुपार त्यात गेली. शेवटी कस्टमर केअरची बाई म्हणाली, "सर, आपला एफयूपी संपला आहे." कसला एफयूपी? तर वापराची मर्यादा: महिना ३,३०० जीबी, अपलोड धरून, आणि ती संपली की स्पीड २ वर. अटींच्या अगदी तळाशी लिहिलेलं. हा आकडा काही त्यांनीच काढलेला नाही. २०२० साली जिओफायबरने 'खरंखुरं अनलिमिटेड' म्हणून प्लॅन आणले, त्यांनाही हीच ३,३०० ची वेस होती.

हिशेब करून बघा. २०० एमबीपीएस म्हणजे तासाला ९० जीबी. लाइन पूर्ण वेगाने वापरली तर महिन्याचा कोटा सदतीस तासांत संपतो. उरलेले अठ्ठावीस दिवस २ एमबीपीएस! घरगुती माणसाला ३,३०० जीबी म्हणजे समुद्र आहे, हे मान्य. पण मग तेवढं समोर लिहा की. शिवाय ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की ग्राहकाला कळवायचं, असं ट्रायने, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामकाने, २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. मला एकही मेसेज आला नव्हता.

मार्च-एप्रिल जपून काढले. मे महिन्यात रिचार्जला ॲप उघडलं तर प्लॅनच गायब. 'सदर प्लॅन बंद करण्यात आला आहे.' त्याच पैशात आता १,००० जीबी, नाहीतर तिप्पट दराचा बिझनेस प्लॅन. घेतलेल्या प्लॅनमध्ये पहिले सहा महिने ग्राहकाच्या तोट्याचा बदल करता येत नाही, असा नियम आहे. ते सहा महिने त्यांनी बरोबर मोजले होते. समोरच्या वहिनींचाही प्लॅन बदलला, पण त्यांना पत्ताही नाही. मालिका आणि रील्समध्ये त्यांचे दीडशे जीबी होत नाहीत.

मी चिडून केबलवाल्या पोराला बोलावलं. तो चहा घेत शांतपणे म्हणाला, "दादा, एका पोर्टवर, म्हंजी कंपनीच्या मशीनमधनं निघणाऱ्या एका फायबरवर, चौसष्ट घरं हायत. पोर्टला खाली येणारं अडीच जीबीपीएस, वर जाणारं सव्वा. वहिनी यूट्यूब बघतात ते जवळच्या कॅशे सर्व्हरवरनं, म्हंजी जवळच साठवून ठेवलेल्या कॉपीवरनं येतं, त्याचं कंपनीला फारसं काही लागत नाही. तुमचं क्लाउडवर जाणारं सगळं बाहेरच्या लाइनवरनं, तेही रात्री नऊला, सगळी गल्ली ऑनलाइन असताना. तुमच्या ७९९ मधी तुमचंच भागत नाही."

मला राग आला, पण गणित चुकीचं नव्हतं. सव्वा जीबीपीएस, म्हणजे १,२५० एमबीपीएस, चौसष्ट घरांत वाटलं तर वाट्याला वीस एमबीपीएससुद्धा येत नाही. मला २०० मिळत होते ते बाकीचे वापरत नव्हते म्हणून. प्लॅन बंद केल्याबद्दल माझी फार तक्रार नाहीच. धंद्यात तोटा कोण सोसेल? लग्नाच्या पॅकेजमध्ये 'हवे तितके फोटो' लिहून मीही एकदा हात पोळून घेतलेत. तक्रार आहे ती 'अनलिमिटेड' शब्दाची. बीएसएनएलचा जुना होम ५०० प्लॅन आठवतो? दिवसा मोजून डेटा, रात्री २ ते सकाळी ८ मोकळं रान. गजर लावून उठायचो आणि डाउनलोड लावून परत झोपायचो. रात्री लाइन रिकामी असते, तेव्हा वापरा, इतका सरळ व्यवहार. आजच्या कंपन्यांनी रात्रीची अशी सवलत ठेवली तर माझ्यासारखे लोक आनंदाने जागतील.

घ्यावं का? घरात चार माणसं, टीव्ही, मुलांचा अभ्यास, एखाद्याचं वर्क फ्रॉम होम एवढंच असेल तर बिनधास्त घ्या, १,००० जीबी पुरून उरतात. एडिटिंग, सीसीटीव्हीचा क्लाउड बॅकअप किंवा रोजचं लाइव्ह स्ट्रीमिंग असेल तर आधी एफयूपीचा आकडा लेखी मागा आणि त्यात अपलोड धरतात का ते विचारा. वर्षाचे पैसे एकदम भरू नका.

मी १,००० वाला प्लॅन घेतलाय. कोल्हापूरला आता फक्त हलक्या प्रॉक्सी फाइल्स (फुटेजच्या कमी क्वालिटीच्या छोट्या प्रती) नेटवरून जातात, मूळ फुटेजची हार्ड डिस्क एसटीच्या पार्सलने. आज २१ तारीख, ॲपमध्ये ९१२ जीबी वापरलेले दिसतायत. मुलाला नवीन गेम उतरवायचाय, ११० जीबीचा. एक तारखेपर्यंत थांब म्हटलंय.