यूडेव्ह ठेवायचा की एमडेव्हवर जायचं? छोट्या लिनक्स बॉक्ससाठी तुलना

कोल्हापुरात उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी मशीनना प्रोग्रॅम पाठवण्यासाठी छोटे लिनक्स बॉक्स बसवायचं काम मी करतो. मशीनला फक्त सिरियल पोर्ट असतो, बॉक्सला फक्त यूएसबी, आणि मधे कन्व्हर्टर. रॅम कधी कधी ५१२ एमबीच असते. त्यामुळे या कामात नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, यूडेव्ह, म्हणजे जोडलेल्या वस्तूंची व्यवस्था बघणारा लिनक्सचा नेहमीचा डिव्हाइस मॅनेजर, काढून एमडेव्हसारखं काहीतरी हलकं टाकू का? मी आधी त्यांना बॉक्सला काय काय जोडणार आहे त्याची यादी करायला सांगतो. रॅमचा हिशोब त्यानंतर.

डिव्हाइस मॅनेजरकडे आज नेमकं कोणतं काम उरलंय, ते आधी बघू. २००९ च्या शेवटी आलेल्या २.६.३२ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) डेव्हटीएमपीएफएस ही सोय आहे. डिस्क किंवा सिरियल पोर्ट सापडला की डेव्ह फोल्डरमधली त्याची नोंद कर्नल स्वतःच तयार करतो. फर्मवेअरही (वस्तूच्या आतल्या चिपमध्ये भरायचा प्रोग्रॅम) २०१२ मधल्या ३.७ पासून कर्नल स्वतः चढवतो. मॅनेजरकडे उरलं ते एवढंच: परवानग्या लावणं, न बदलणारी नावं देणं, लागेल ते मॉड्यूल (ड्रायव्हर) चढवणं आणि नवीन काही आलं की बाकीच्या प्रोग्रॅमना कळवणं. यातली किती कामं तुम्हाला हवी आहेत, यावर निवड ठरते.

यूडेव्ह ही सगळी कामं करतो. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तो आणला आणि २०१२ मध्ये त्याचा कोड सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्स चालू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रकल्पात, गेला. सोबत नियमांच्या भरपूर फाइली आणि हार्डवेअरची मोठी यादी येते. पण चालू असताना तो खातो काही एमबीच रॅम. तेवढ्यासाठी चांगला चाललेला डेबियन किंवा उबुंटू उकलू नका. तिथे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या इनिट्रॅमएफएसपासून डेस्कटॉपपर्यंत सगळं त्याच्यावर उभं आहे, आणि तो काढायला गेलात तर पॅकेजची रांग सोबत निघते.

ईयूडेव्हला पुष्कळ जण हलका पर्याय समजतात. तो यूडेव्हच आहे, सिस्टमडीपासून वेगळा केलेला. २०१२ च्या अखेरीस जेंटू या डिस्ट्रोवाल्यांनी (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती) हा फोर्क, म्हणजे कोडची वेगळी शाखा, काढला, २०२१ मध्ये त्यांनी तो सोडला, आणि पुढे वेगवेगळ्या डिस्ट्रोमधल्या लोकांनी मिळून तो सांभाळला. नियम तेच, नावं तीच. सिस्टमडी नको आणि डेस्कटॉप मात्र हवा, अशांसाठी तो उत्तम. रॅम वाचवायला याच्याकडे येऊ नका.

आता एमडेव्ह. हा बिझीबॉक्सचाच (अनेक छोट्या कमांडचा एकच प्रोग्रॅम) भाग, म्हणजे बिझीबॉक्स असेल तर वेगळं काही टाकावंच लागत नाही. जुन्या पद्धतीत तो कायम चालूही नसतो. काही जोडलं की कर्नल त्याला हाक मारतो, तो काम करतो आणि संपतो. रॅमचा खर्च जवळपास शून्य. पण एकदम दहा गोष्टी सापडल्या की दहा प्रोसेस उठतात आणि क्रम पुढेमागे होऊ शकतो. शिवाय कर्नलमधली ही हाक मारायची सोय सगळीकडे चालू असतेच असं नाही. २०१९ च्या बिझीबॉक्स १.३१ पासून एमडेव्हला डेमन (मागे कायम चालू राहणारा प्रोग्रॅम) म्हणून चालवता येतं. नवीन बॉक्सवर तसाच चालवा.

एमडेव्हचं खरं दुखणं नावांचं आहे, आणि ते मला उद्यमनगरात कळलं. चार मशीन, एक हब, चार कन्व्हर्टर. बॉक्सवर अल्पाइन हा छोटा डिस्ट्रो, सोबत एमडेव्ह. महिनाभर काहीच तक्रार नव्हती. एका दुपारी लाईट गेली, परत आली, बॉक्स आपोआप चालू झाला. थोड्या वेळाने तिसऱ्या मशीनवरून हाक आली, "ओ दादा, ह्यो प्रोग्रॅम माझ्या मशीनचा न्हवं!" स्क्रीनवरचा ओ-नंबर (प्रोग्रॅमचा क्रमांक) शेजारच्या मशीनवरच्या फ्लँजचा होता. ऑपरेटरमामांना नंबर वाचल्याशिवाय सायकल स्टार्ट न दाबायची सवय, म्हणून टूल आणि चक दोन्ही वाचले. आणि बहुधा त्यांचा हातही. त्या संध्याकाळी मी घरी न जाता तिथेच बसलो.

कारण साधं होतं. टीटीवाययूएसबी० ते टीटीवाययूएसबी३ या कन्व्हर्टरच्या नावांतले नंबर कर्नल ज्या क्रमाने कन्व्हर्टर सापडतील त्या क्रमाने वाटतो, आणि हबमागे तो क्रम दर बूटला तोच राहील याची हमी नसते. मी मात्र नंबरवरच मशीन बांधली होती.

यूडेव्ह असता तर डेव्हमधल्या सिरियल फोल्डरमध्ये दोन तऱ्हेच्या लिंक तयार मिळाल्या असत्या: एक कन्व्हर्टरच्या ओळखीवरून, दुसरी तो कोणत्या पोर्टला आहे त्यावरून. यातही एक खाच आहे. एफटीडीआय चिपच्या कन्व्हर्टरमध्ये बहुतेक वेळा स्वतःचा सिरियल नंबर असतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या सीएच३४० मध्ये तो सहसा नसतो. असे दोन कन्व्हर्टर लावले की ओळखीवरून बनणारं नाव दोघांचं एकच होतं आणि लिंक एकालाच मिळते. तिथे पोर्टवरूनच नाव घ्यायचं, म्हणजे यूडेव्ह ठेवला तरी हे तुम्हाला माहीत असायलाच हवं.

एमडेव्हमध्ये ही लिंक स्वतः बनवावी लागते. एमडेव्ह.कॉन्फ फाइलमध्ये एका ओळीत नावाचा साचा, मालक आणि ग्रुप, परवानगी, आणि शेवटी ॲट चिन्हापुढे स्क्रिप्ट. माझी स्क्रिप्ट वीसेक ओळींची आहे. ती सिसएफएसमधून (कर्नल वस्तूंची माहिती मांडतो ती जागा) त्या कन्व्हर्टरचा रस्ता वाचते, त्यातून हबच्या पोर्टचा क्रमांक काढते आणि 'लेथ३' अशी लिंक करते. हबच्या प्रत्येक पोर्टवर मी पांढऱ्या रंगाने आकडा घातला आहे. ही स्क्रिप्ट पहिल्या रात्री चाललीच नव्हती, कारण एमडेव्ह जुळणारी पहिली ओळ सापडली की थांबतो आणि सिरियल पोर्टची जुनी सर्वसाधारण ओळ माझ्या ओळीच्या वर होती. यूडेव्ह सगळे नियम शेवटपर्यंत वाचतो. त्या सवयीने आलेला माणूस इथे हमखास अडकतो. ओळ वर न्या, किंवा वरच्या ओळीच्या सुरुवातीला वजाचं चिन्ह द्या, म्हणजे वाचन पुढे चालू राहतं.

एमडेव्हडी हा लॉरां बेर्को यांचा छोटा डेमन. कॉन्फ फाइलची पद्धत एमडेव्हचीच, पण तो कर्नलच्या घटना नेटलिंक या कर्नलच्याच निरोपाच्या वाटेवरून ऐकतो, त्यामुळे त्या आल्या त्या क्रमाने हाताळल्या जातात. माझे नवे बॉक्स मी यावरच बसवतो. अल्पाइनवर सेटअप-डेव्हडी या एका कमांडने एमडेव्ह, एमडेव्हडी आणि यूडेव्ह यांच्यात अदलाबदल करता येते, म्हणून प्रयोगाला तोच डिस्ट्रो घ्या.

स्क्रीन, माउस, टचपॅड लावणार असाल तर मात्र थांबा. माउस-कीबोर्ड हाताळणारी लिबइनपुट लायब्ररी यूडेव्हच्या लिबयूडेव्ह लायब्ररीवर चालते, त्यामुळे नुसत्या एमडेव्हवर मध्येच लावलेला माउस ग्राफिकल स्क्रीनला कळत नाही. लिबयूडेव्ह-झिरो ही बदली लायब्ररी आहे, आणि एमडेव्हडीत घटना पुढे पाठवायचा पर्याय चालू केला की तिच्यासोबत काम होतं. पण तिच्यात हार्डवेअरची यादी नाही, म्हणून एखाद्या लॅपटॉपच्या टचपॅडसाठी तिथे केलेली दुरुस्ती मिळत नाही. घरच्या लॅपटॉपवर मी यूडेव्हच ठेवतो. एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी सोय) असेल तिथेही यूडेव्ह ठेवा, कारण तो यूडेव्हशी ताळमेळ ठेवून काम करायला बनवलेला असतो. एफस्टॅबमध्ये (बूटला जोडायच्या डिस्कची यादी) यूयूआयडी (डिस्कच्या भागाची ओळख) लिहिले असतील तर त्याची काळजी नको, माउंट ते स्वतः शोधून काढतं.

बदल करायचं ठरलंच, तर आधी जुन्या सिस्टिमवर यूडेव्हअ‍ॅडम मॉनिटर ही कमांड लावून एकेक वस्तू काढून घाला आणि काय घडतं ते वहीत लिहा. इटीसीमधल्या यूडेव्ह नियमांच्या फोल्डरमध्ये कोणी हाताने घातलेल्या फाइली आहेत का ते बघा, ते नियम नवीन जागी तुम्हालाच लिहायचे आहेत. बूट होणारा पेनड्राइव्ह खिशात ठेवा. मग नवीन बॉक्स वर्कबेंचवर ठेवून दहा वेळा वायर उपटून बंद करा, दर वेळी कन्व्हर्टर वेगळ्या क्रमाने लावा पण ज्याच्या त्याच्या आकड्याच्या पोर्टलाच, आणि 'लेथ३' ला पाठवलेली ओळ तीन नंबरच्या केबलमधूनच बाहेर येते का ते पाहा. दहाही वेळा आली तर बॉक्स मशीनजवळ न्या.