धाब्याच्या घरात लिनक्सला कोणतं डोंगल: एआर९२७१ की ८८२१सीयू?

रावेरला आबांच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, पण वायफाय नव्हतं. वायफायसाठी यूएसबीत खोचायची दोन स्वस्त डोंगल लावून पाहिली; दोन्हींत चिप वेगळी.

८८२१सीयू चिपचं डोंगल नखाएवढं, वायफायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टाही पकडतं. लावलं तर वायफायऐवजी चक्क सीडी ड्राइव्ह दिसली! आत विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर, असतो. ती 'इजेक्ट' केली की डोंगल खऱ्या रूपात येतं. पण डेबियन १२ चं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.१, आणि यूएसबीवरच्या या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ ला. म्हणजे बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएस या साधनाने आपल्या कर्नलसाठी बांधायचा, त्यासाठी नेट हवं, आणि नेटसाठीच तर हा खटाटोप! शेवटी मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट संगणकाला दिलं (टेदरिंग). मिंट २२ या दुसऱ्या लिनक्सला कर्नल ६.८ आहे, तिथे हा ताप नाही.

एआर९२७१ जुनं. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, कागदावर १५० एमबीपीएस. पण ड्रायव्हर २०१० पासून कर्नलमध्येच आहे आणि फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, तेही मुक्त. एक छोटं पॅकेज टाकलं की झालं.

घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, भिंती हातभर जाड. राउटर ओसरीत, संगणक माजघरात. ५ गिगाहर्ट्झ तिथे पोचेचना. एआर९२७१ चा अँटेना उभा केला आणि केळीचे भाव झटक्यात उघडले. आबांकडे मी तेच ठेवलं.

राउटर त्याच खोलीत असेल आणि कर्नल नवं असेल, तर मात्र ८८२१सीयू बिनधास्त घ्या. फक्त दुकानात चिपचं नाव विचारा. एकसारख्या खोक्यात वेगळी चिप निघते.