लापुआ सेंटर-एक्स: दीड हजार राउंडनंतर

पॉइंट टू टू (.२२) रायफलने प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारताना, शॉट उभ्या रेषेत पसरायला लागले की सगळे आधी श्वासाकडे बोट दाखवतात. श्वास नीट थांबायच्या आत ट्रिगर गेला तर शॉट वर नाहीतर खाली जातो, हे खरंच आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या कोच सरांनी मलाही तेच सांगितलं आणि मी सहा आठवडे फक्त श्वासावर घालवले. बँकेतून सुटले की थेट बालेवाडीची रेंज, जॅकेट चढवायचं, स्लिंग (रायफल हाताला बांधणारा पट्टा) आवळायची आणि मॅटवर आडवं व्हायचं. तरी एक नऊ वर बाराच्या काट्यावर, पुढचा खाली सहावर. डावी-उजवीकडे मात्र शॉट शिस्तीत. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आता फुप्फुसं साथ देत नाहीत, इथपर्यंत मी मनाची समजूत घालून ठेवली होती.

मग एका रविवारी सरांनीच रायफल बाकावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवायला लावली. माणूस बाजूला काढला की काय उरतं ते बघू, म्हणाले. नेहमीच्या स्वस्त डब्यातले (ब्रँडचं नाव घेत नाही) दहा राउंड पन्नास मीटरवर मारले. ग्रुप (दहा शॉटचा पसारा) २७ मिलिमीटर, आणि तोही उभाच! बोअर (बॅरलची आतली नळी) साफ केला, लापुआ कंपनीच्या सेंटर-एक्स या टार्गेट काडतुसाचे वीस राउंड नुसते बॅरल त्याला सरावण्यासाठी मारले आणि मग दहा मोजले. ग्रुप १५ मिलिमीटर आणि गोल. मला रडूच आलं. सहा आठवडे ज्या चुकीसाठी स्वतःला बोल लावत होते, ती माझी नव्हतीच.

असं का होतं, ते हिशोबाने कळतं. पॉइंट टू टूची ही गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम. डब्यावर वेग सेकंदाला ३२७ मीटर लिहिलेला असतो. पन्नास मीटर जाईपर्यंत ती बॅरलच्या रेषेखाली साधारण साडेबारा सेंटिमीटर उतरते. ही उतरण साइट लावताना आपण धरलेली असते, पण प्रत्येक राउंडचा वेग सारखा असेल तरच ती धरता येते. दोन राउंडमध्ये सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर कागदावर सात-आठ मिलिमीटरचा उभा फरक पडतो. आपल्या टार्गेटवर एका रिंगपासून पुढची रिंग बरोबर आठ मिलिमीटरवर असते, आणि टेनचा, म्हणजे मधल्या दहा गुणांच्या रिंगचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर. म्हणजे तुम्ही काहीही न चुकता एक गुण गेला.

सेंटरफायरवाल्यांना (ज्यांच्या काडतुसाला पिन बुडाच्या मधोमध बसते) हवं तर स्वतः पावडर तोलून काडतूस भरता येतं. आपल्याला ती सोय नाही. आपलं काडतूस रिमफायर, त्याचा प्रायमर, म्हणजे पिनच्या ठोक्याने पेटणारा मसाला, केसच्या (काडतुसाच्या नळीच्या) कडेच्या पोकळीत ओला असताना फिरवून बसवलेला असतो, आणि एकदा पिन बसून कड चेपली की केस संपली. तो मसाला कडेला सगळीकडे सारखा पसरला का, शिशाची गोळी केसमध्ये तेवढीच घट्ट बसली का, सगळं कारखान्याच्या हातात. म्हणून इथे आपण सारखेपणा विकत घेतो. जास्त वेगाचे राउंड चांगले, असं नवी मुलं समजतात. ते टार्गेटसाठी उलट आहे: आवाजापेक्षा वेगाने निघालेली गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना डळमळते. सेंटर-एक्स पहिल्यापासून त्या वेगाच्या खालीच असते.

आता दीड हजार राउंडनंतरचं मत. माझ्याकडच्या लॉटमध्ये (कारखान्यातून एकत्र बनून आलेल्या खेपेत) एकही मिसफायर नाही, म्हणजे ट्रिगर दाबूनही न उडालेला राउंड नाही. चेंबरमध्ये प्रत्येक राउंड त्याच हलक्या दाबाने बसतो. बोल्ट बंद करताना बोटांना काही वेगळं लागत नाही, आणि साठ शॉटच्या मॅचमध्ये याने मन किती शांत राहतं ते मारणाऱ्यालाच कळेल. गोळीवरचा मेणासारखा थर एकसारखा असतो. उन्हात तो मऊ पडतो, म्हणून डबा टेबलावर उघडा ठेवू नका. मी ठोकळ्यात दहा-दहा काढते आणि वर सुती रुमाल टाकते. किंमत सरावाच्या राउंडपेक्षा बरीच जास्त आहे. रोज शंभर मारणाऱ्याला परवडणार नाही, आणि रोज लागतही नाही. होल्डिंग (रायफल स्थिर धरणं) आणि ड्राय फायर (रिकाम्या रायफलचा ट्रिगर दाबणं) यांचा सराव एकाही राउंडशिवाय होतो.

मात्र डब्यावरचं नाव बघून थांबू नका, झाकणावरचा लॉट नंबर बघा. एकाच नावाचे दोन लॉट एकाच रायफलमधून वेगळे वागू शकतात, आणि माझ्या जुन्या अँशुट्झ रायफलला जो लॉट मानवला तो तुमच्या बॅरलला मानवेलच असं नाही. जर्मनीत श्योनेबेकला खुद्द लापुआचं केंद्र आहे, तिथे आपली रायफल नेऊन लॉट निवडता येतो. आपल्याला जर्मनी कुठली? तर क्लबमध्ये तिघांनी मिळून तीन लॉटचा एकेक डबा घ्यावा, बाकावरून मारून बघावं आणि जमलेला लॉट आपापल्या परवान्यावर वर्षभराचा एकदम मागवावा.

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) कांस्य जिंकलं, तेव्हापासून एअर रायफल सोडून पॉइंट टू टू हातात घेणारी पोरं रेंजवर जास्त दिसतात. त्यांच्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पोरगं वर-खाली मारतंय म्हणून त्याला बोलण्याआधी रायफल एकदा पिशव्यांवर ठेवून दहा राउंड मारायला लावा.

माझ्या लॉटचे चार डबे उरलेत. ते राज्य स्पर्धेसाठी बाजूला ठेवलेत, झाकणावर स्केचपेनने तारीख घालून.