तोंड आलं की गुआ शा? पट्ट्या आणि उपचार-केंद्रं यांचं परखड परीक्षण

आधी निकाल सांगतो. गुआ शाने, म्हणजे तेल लावून गुळगुळीत पट्टीने कातडी खरवडण्याच्या चिनी उपचाराने, तोंडातला व्रण भरत नाही. मान, खांदे आणि जबडा आखडून दुखत असेल तर या खरवडण्याने मोकळं वाटतं, झोप बरी लागते आणि त्या सुट्टेपणात तोंडातली आगही जरा सुसह्य होते. एवढ्यापुरता हा उपचार पैसे देऊन घेण्यासारखा आहे. ‘तीन बैठकांत तोंड येणं कायमचं बंद’ अशी पाटी लावणाऱ्यांकडे मात्र फिरकू नका.

बाजारात याचा एवढा गवगवा का, ते समजायला सोपं आहे. वारंवार तोंड येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे व्रण छोटे असतात, म्हणजे एक सेंटिमीटरच्या आतले. ते 7 ते 14 दिवसांत काहीही न करता भरून येतात. माणूस उपचाराला जातो तो आग असह्य झाल्यावर, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी. त्यानंतर दोन-तीन दिवसांत उतार पडायचाच असतो. श्रेय पट्टीला मिळतं.

चिनी वैद्यकाची मांडणी वेगळी आहे. हृदय, प्लीहा आणि जठर यांच्यात साठलेली उष्णता वर चढते आणि तोंडात फुटते, असं ते मानतात. ती उष्णता मानेतून, पाठीतून, हातांतून बाहेर काढायची म्हणून तिथे पट्टी ओढायची. आपल्याकडेही ‘उष्णतेने तोंड आलं’ म्हणतातच, त्यामुळे हे पटकन पटतं. मोजून पाहिलेलं मात्र थोडंच आहे. 2007 मध्ये संशोधक आर्या नीलसन आणि सहकाऱ्यांनी 11 निरोगी लोकांवर पट्टी ओढून पाहिली, तेव्हा त्या जागेच्या त्वचेतला रक्तप्रवाह पहिल्या साडेसात मिनिटांत चौपट झालेला दिसला. 2011 मध्ये जर्मनीत मानदुखीच्या 48 रुग्णांवर चाचणी झाली. त्यात एका आठवड्यानंतर शेकण्यापेक्षा गुआ शाचा गट सरस ठरला. दोन्हींत मोजलं ते त्वचेतलं रक्त आणि मानेचं दुखणं. व्रण किती दिवसांत भरला, हा प्रश्न त्यांत नव्हताच.

आता पट्ट्या. चार प्रकार सर्रास मिळतात.

म्हशीच्या शिंगाची पट्टी हातात छान बसते आणि पारंपरिक म्हणून महागही विकली जाते. पण ती पाण्यात राहिली की वाकते, कोरड्या हवेत तडकते, आणि उकळून किंवा वाफेवर निर्जंतुक करता येत नाही. घरात एकाच माणसाने वापरायची असेल तर चालेल. केंद्रात तीच पट्टी सगळ्यांना वापरत असतील तर सरळ उठून या. जोर लावून पट्टी ओढली की त्वचेतून बारीक रक्त-लस झिरपू शकते, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस तग धरतो.

जेडची पट्टी दिसायला देखणी. अडचण दोन प्रकारची: खरी असली तर पडून कोपरा उडतो आणि तो कोपरा कातडी कापतो, खोटी असली तर ती रंगवलेली काच किंवा राळ निघते. राळेची पट्टी ओळखायला सोपी, गालाला लावली तर दगडासारखी गार लागत नाही. शानतुंग प्रांतातल्या बियान दगडाच्या पट्ट्यांबद्दल किरणं आणि लहरींच्या बऱ्याच कथा सांगतात. पट्टी म्हणून ती ठीक आहे, कथेचे वेगळे पैसे देऊ नका.

स्टेनलेस स्टीलची पट्टी आमच्या पसंतीची. वजन स्वतःचं स्वतः काम करतं, मनगटाला जोर कमी लावावा लागतो, साबणाने धुता येते आणि 121 अंशांच्या वाफेवर निर्जंतुकही होते. तिचा दोष कडेचा. स्वस्त पट्ट्यांना साच्याची बारीक कोर राहिलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही कळत नाही. कापसाचा बोळा घ्या आणि संपूर्ण कडेवरून सावकाश फिरवा, खाचेच्या आतल्या बाजूनेही. कुठेही एक जरी तंतू अडकला तर ती पट्टी परत करा. हीच चाचणी जेडच्या पट्टीलाही लावा आणि दर वापराआधी लावा. कड दोन ते तीन मिलिमीटर जाड आणि गोल हवी. खूप पातळ कडेने कातडीवर लाल ठिपके लवकर उठतात म्हणून काही जण ती मुद्दाम निवडतात, तो शुद्ध चुकीचा हिशेब आहे.

हे काहीच आणायचं नसेल तर चिनी मातीचा जाड, गुळगुळीत सूपचा चमचा घ्या. चीनमध्ये घरोघरी तोच वापरत आले आहेत.

तेल साधं, बिनवासाचं घ्या. मान आणि पाठीच्या वरच्या भागाला मिळून एक लहान चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर पुरतं. कमी पडलं की पट्टी कातडीला ओढ देते आणि जळजळ होते; जास्त झालं की ती घसरते आणि नुसताच चकचकाट होतो. पेपरमिंट-कापूरवाली ‘खास गुआ शा तेलं’ खरवडलेल्या त्वचेवर चरचरतात. ती टाळलेली बरी.

चांगला जाणकार पट्टी कशी ओढतो, ते माहीत असलं म्हणजे केंद्राची पारख होते. पट्टी त्वचेशी साधारण 45 अंशात कललेली. ओढायची एकाच दिशेला, वरून खाली. पुढे-मागे घासायचं नाही. आधी मानेच्या मागच्या बाजूला, केसांच्या रेषेपासून मान पुढे वाकवल्यावर सर्वांत वर येणाऱ्या मणक्यापर्यंत. त्याच्या खालच्या खळग्याला दाझुई म्हणतात आणि उष्णता उतरवायला ती जागा मुख्य मानतात. मग मानेच्या दोन्ही बाजूंनी खांद्याच्या टोकाकडे. मग पाठीवर, कण्यापासून दोन बोटं बाजूला, खांद्याच्या फऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात. चिनी वैद्यकातला हृदयाचा बिंदू तिथे, पाठीच्या पाचव्या मणक्याच्या पातळीवर येतो. प्रत्यक्ष कण्याच्या हाडांवर पट्टी दाबायची नाही. हाताला अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला हेगू नावाचा बिंदू, आणि कोपर दुमडल्यावर घडीच्या बाहेरच्या टोकाची जागा. हेगू गर्भारपणात वर्ज्य.

एका रेषेवर 10 ते 20 वेळा, प्रत्येक ओढ 10-15 सेंटिमीटरची. सगळं मिळून वीस मिनिटांत आटपायला हवं. पहिल्या पाच-सात ओढींत त्वचा गुलाबी होते, मग टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उमटतात, आणि थोड्या वेळाने ते एकमेकांत मिसळून पट्टे दिसतात. नवे ठिपके उमटायचे थांबले की त्या रेषेवर हात थांबवायचा. काहींना ठिपके येतच नाहीत, तरीही थांबायचं. ‘अजून विष बाहेर आलं नाही’ म्हणत जोर वाढवणारा माणूस बारीक केशवाहिन्या फोडत असतो, एवढंच. ते ठिपके म्हणजे कातडीखाली साकळलेलं रक्त. रंग जितका काळपट तितका रोग जुना, हे केंद्रांमधलं आवडतं वाक्य उपचारांचे हप्ते वाढवायला कामी येतं.

ठिपके दोन ते पाच दिवसांत विरतात. ते पूर्ण जाईपर्यंत त्याच जागी पुन्हा पट्टी लावायची नाही. त्यामुळे एक दिवसाआड बैठकांचं पॅकेज विकणारं केंद्र आपण होऊन आपली परीक्षा नापास होतं.

गालावरच्या गुआ शाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तोंड आलं म्हटलं की हौशी माणूस आधी तिथेच पट्टी लावतो. व्रण गालाच्या आत असताना बाहेरून दाब दिला की आतलं नाजूक अस्तर दातांच्या कडांवर किंवा तारांवर घासलं जातं. अशी बारीक इजा हेच नवा व्रण उठण्याचं एक ठरलेलं कारण आहे. तेव्हा व्रण असेपर्यंत गाल, ओठ आणि हनुवटी यांना हात नाही. ओठाच्या कडेवर पाण्याने भरलेल्या फोडांचा पुंजका असेल तर तो बहुधा हर्पीस. तिथली पट्टी संसर्ग पसरवते. आणि पट्टी, चमचा किंवा कापड तोंडाच्या आत घालून व्रण ‘साफ’ करणं हा गुआ शा नाहीच. गळ्याच्या पुढच्या भागात, जिथे नाडी लागते, तिथेही दाब नको.

दुसरी गोष्ट भुकेची. तोंड आलेला माणूस नीट जेवलेला नसतो, आणि रिकाम्या पोटी या उपचारात घेरी येते: चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, मळमळतं. असं झालं की लगेच थांबून आडवं करायचं, पाय उंच ठेवायचे, शुद्धीवर असेल तर घोटघोट कोमट पाणी द्यायचं. चांगल्या केंद्रात ‘शेवटचं कधी खाल्लं’ हा प्रश्न आधी येतो. तासाभरापूर्वी मऊ, बिनतिखट असं काहीतरी पोटात असू द्या.

त्याआधी यायला हवेत ते प्रश्न असे: व्रण किती दिवसांचा आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, गर्भारपण आहे का, ताप आहे का, अंगावर कारण नसताना काळे-निळे डाग उठतात का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा. रक्ताच्या काही गंभीर आजारांत तोंडात व्रण आणि कातडीवर ठिपके ही दोन्ही लक्षणं एकत्र येतात. पट्टी हलकेच लावल्याबरोबर गर्द डाग उठले, किंवा हिरड्यांतून रक्त येत असलं, तर बैठक तिथेच संपवून रक्ततपासणी करून घ्यावी. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी हा उपचार घेऊच नये. मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांवरचं) किंवा निकोरँडिल (हृदयविकारातल्या छातीदुखीवरचं) घेणाऱ्यांचं तोंड त्या औषधामुळेच आलेलं असू शकतं. त्यांनी औषध देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावं, गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

पट्टीच्या जोडीला व्रणासाठी जे खरोखर उपयोगी पडतं, त्याचा खर्च पट्टीपेक्षा बहुधा कमीच येतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ. टूथपेस्टच्या वेष्टनावर सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलं असेल तर ती बदलून पाहा, काहींचा त्रास तेवढ्यानेच कमी होतो. ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची 0.1 टक्क्याची मुखलेप मलई डॉक्टरांनी दिली तर ती चोळायची नाही. व्रण टिपून कोरडा करून वर पातळ थर बसवायचा, झोपण्यापूर्वीचा थर सर्वांत जास्त वेळ टिकतो. वरचेवर तोंड येत असेल तर लोह, बी-12 आणि फोलेट तपासून घ्या. यांतलं काही कमी असलं तर पाठ कितीही खरवडली तरी ते भरून निघणार नाही.

गुण द्यायचे तर: आखडलेल्या मान-खांद्यांसाठी पाचपैकी चार, तोंडातल्या आगीवर तात्पुरता आराम म्हणून दोन, व्रण भरण्यासाठी शून्य. तीन आठवडे उलटूनही न भरलेला, कडा टणक झालेला किंवा न दुखणारा एकच व्रण असेल, त्यातही तंबाखूची सवय असेल, तर हे गुण लागूच होत नाहीत. तिथे दंतवैद्याची वेळ आधी घ्यायची आणि केंद्रातली रद्द करायची.