दिल्लीच्या थंडीतल्या इंटरव्ह्यूसाठी शिवलेला टेरीवूल सूट, अकरा महिने वापरल्यावर

आधी खर्च सांगते कारण सगळे तेच विचारतात. कापड ३ मीटर, १,२५० रुपये मीटरने, म्हणजे ३,७५०. शिलाई ५,५०० अस्तर-बक्रम-बटणं धरून. थर्मलचे दोन सेट १,८०० आणि काळे बंद बूट २,२००. एकूण १३,२५०. मागच्या डिसेंबरात शिवला, जानेवारीच्या शेवटी दिल्लीला एका मॅनेजमेंट कॉलेजच्या इंटरव्ह्यूला घातला, आणि त्यानंतर आत्तापर्यंत वीसेक वेळा तरी अंगावर चढलाय. त्या एका दिवसासाठी घेतला होता आणि जास्त वापर मुंबईतच झाला, हे आधीच सांगून ठेवते.

रेडीमेड का नाही घेतला? बघितले की. दोन मॉल पालथे घातले. मुंबईत मुलींचे जे ब्लेझर मिळतात ते सगळे पातळ, ताणले जाणारे, लेबल वाचलं तर पॉलिएस्टर-व्हिस्कोस, आणि खिसे म्हणजे नुसती शिवलेली चीर, आत काहीच नाही. खिसा शिवायचाच नसेल तर ती फ्लॅप कशाला लावता हो? पुरुषांच्या सेक्शनला टेरीवूल, वूल सगळं लटकलेलं आणि आमच्या बाजूला ऑफिसच्या एसीपुरते कपडे. आई म्हणत होती साडी नेस, फुल बाह्यांचा ब्लाऊज घाल, आत लेगिंग्ज घाल, कोणाला कळतंय. मी तेव्हा तिला वेड्यात काढलं. तिकडे गेल्यावर बघते तर एक मुलगी नेमकी तशीच आलेली, परकराच्या आत लोकरी लेगिंग्ज, वरून शाल, आणि आख्ख्या वेटिंग हॉलमध्ये ती एकटीच न कुडकुडता बसलेली. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

कापड मंगलदास मार्केटमधून घेतलं. तिथे जायचं तर दोन गोष्टी माहीत हव्यात, नाहीतर दुकानदार थान उलगडत जातो आणि आपण नुसती मान हलवत बसतो. एक म्हणजे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सुटाच्या कापडाचा मोठा पन्हा असतो, ५८ इंचाच्या आसपास, त्यामुळे ब्लेझर-पँटला ३ मीटर माझ्या मापाला पुरून थोडं उरतं. दुसरं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. मुंबईत बाराही महिने चालेल असं साधारण २२०-२४०, खऱ्या थंडीसाठी ३०० च्या पुढे. मी २६० घेतलं, मधलं. टेरीवूल म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर मिसळलेलं, दुकानदार ५५-४५ म्हणाला. प्युअर वूल पण दाखवलं त्याने, हात लावल्यावर ठेवावंसं वाटत नव्हतं, पण मीटरचा भाव ऐकून ठेवलं.

घरी आल्यावर आजोबांनी पिशवी हातातून घेतली. आजोबा लालबागच्या एका मिलमध्ये विणाई खात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत, नंतर वॉचमनची नोकरी वगैरे, पण कापड दिसलं की बोटं आपोआप चालतात. आधी कोपरा मुठीत धरून करकचून दाबला, दहापर्यंत मोजलं, सोडला. घड्या जवळजवळ लगेच उलगडल्या. मग किनारीचा एक धागा ओढून काढला, चिमट्यात धरला आणि देव्हाऱ्यातल्या निरांजनावर नेला (आजी ओरडली, ते वेगळं). धागा पेटला, केस जळल्याचा वास आला, आणि टोकाला काळा टणक मणी राहिला. तो मणी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यात लोकर आसा, पन अर्धीच. लोकर असती तर राख झाली असती, चिमटीत चुरगळली असती. ह्यो मनी म्हंजे टेरिलिन." टेरिलिन म्हणजे पॉलिएस्टरच. म्हणजे दुकानदार खरं बोलला होता. आमच्याकडे आजही कुठलंही कापड आणलं की कात्री आणि काडेपेटी बाहेर येते.

शिवायला दादर वेस्टच्या मास्टरकडे टाकला. इथे माझी पहिली चूक. माप द्यायला गेले टीशर्टवर, डिसेंबर असला तरी बाहेर ३२ डिग्री, आत कोण काय घालणार. ट्रायलला मात्र अक्कल आली म्हणून थर्मल आणि शर्ट घालून गेले, दादर स्टेशनच्या पुलावरच घामाने थबथबले, आणि ब्लेझर चढवला तर मुंढ्यात असा घट्ट की हात पुढे करून फाइल देता येईना. मास्टर म्हणाले, "बेटा, ये पहले बताना था ना." नशीब की शिलाई कच्ची होती आणि त्यांनी आत मार्जिन भरपूर सोडलेलं, काखेत अर्धा-अर्धा इंच आणि पाठीच्या मधल्या शिलाईत थोडं सोडवून दिलं. तेव्हा थंडीच्या गावासाठी काहीही शिवणार असाल तर मापाच्या दिवशीच जे आत घालणार ते सगळं घालून जा, लोक बघू देत. बुटांचं पण तेच, लोकरी मोजे घालूनच बूट बघा. मी अर्धा नंबर मोठा घेतला तो त्या एका बाबतीत शहाणपणा केला.

थर्मलबद्दल दोन वाक्यं. पांढऱ्या शर्टच्या आत पांढरा थर्मल दिसतो, स्किन कलरचा दिसत नाही, गळा खोल घ्या आणि बाही पाऊण घ्या म्हणजे मनगटाशी डोकावत नाही. बस.

राजधानी एक्स्प्रेसने जाताना सूट अंगावर घालू नका, कव्हरमध्ये घालून बर्थच्या हुकाला टांगा. गाडी धुक्यामुळे चार तास लेट झाली, दिल्लीतल्या द्वारकेला काकूंकडे पोचेपर्यंत दुपार. रात्री बाथरूममध्ये कडकडीत पाण्याच्या दोन बादल्या भरून सूट तिथेच टांगून दार लावून घेतलं, सकाळपर्यंत पँटच्या गुडघ्यामागची घडी सोडली तर सगळ्या चुण्या गेलेल्या. टेरीवूलला ह्या बाबतीत मी पूर्ण मार्क देते.

आता मुख्य गोष्ट. मुंबईत पारा १६ वर आला की आपण फोटो टाकतो. तिकडे सकाळी ६ डिग्री, आणि काकूंच्या घरातली फरशी अशी की पाय ठेवला की ओरडावंसं वाटतं. मी घाबरून दोन थर्मल घातले, एकावर एक. वर शर्ट, वर ब्लेझर, काकू कोट देत होत्या तर म्हटलं नको, आता फॉर्मलवर जाड कोट कशाला, ढब्बू दिसेन. मेट्रोपर्यंत ठीक होतं. वेटिंग हॉलमध्ये हीटर नाही, संगमरवरी फरशी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि अडीच तास. दातावर दात. आणि मग नाव पुकारलं, आत गेले, तर छोटीशी खोली, खिडक्या बंद, आणि टेबलाखाली ब्लोअर बरोब्बर माझ्या गुडघ्यांवर. पाच मिनिटांत पाठीवरून घाम ओघळायला लागला. दोन थर्मल, फुल अस्तर, काढू काय शकते मी? काहीच नाही! जे काढायचं ते सगळ्यात आत. समोर तिघं बसलेले, मला महागाई आणि रेपो रेटबद्दल विचारतायत आणि माझं अर्धं डोकं कपाळावरच्या थेंबाकडे.

माझ्यानंतरचा मुलगा मुरलेला होता, लखनौ की कानपूरचा. आत एकच थर्मल, वर सूट, त्याच्यावर चांगला जाडजूड कोट आणि मफलर, आणि नाव पुकारल्यावर कोट-मफलर खुर्चीवर ठेवून हसत आत. म्हणजे बघा, ऊब वरच्या थरात ठेवायची, दारात काढून टाकता येईल अशी. आपण मुंबईकर उलटं करतो, वरून छान दिसावं म्हणून सगळं आत कोंबतो. आणि तो कोट कुणी बघत पण नाही, पॅनल फक्त सूट बघतं. काकूंचा कोट घेतला असता तर फुकटात काम होतं.

अजून एक, ज्याची आपल्याकडे कोणालाच कल्पना नसते: करंट. इथे दमट हवेत कधी होत नाही, तिकडे हीटरच्या कोरड्या खोलीत पँट थर्मलला अशी चिकटली की चालताना पोटऱ्यांवर गोळा होत होती, केस उभे, आणि दाराच्या हँडलला हात लावल्यावर चटका. पॉलिएस्टर आणि लोकर घासली की हे व्हायचंच. काकूंनी सांगितलेला उपाय चालतो, हाताला कोल्ड क्रीम लावून तोच हात पँटच्या आतल्या बाजूने आणि केसांवरून फिरवायचा. मला हे इंटरव्ह्यूनंतर कळलं.

वेटलिस्टमध्ये राहिले, क्लिअर झाली नाही, सूटचा दोष नाही. मुंबईतच ॲडमिशन घेतली आणि इथे दर आठवड्याला प्रेझेंटेशन, फॉर्मल कंपल्सरी. क्लासरूमचा एसी १८ वर आणि रिमोट कोणाकडे ते देवाला ठाऊक, त्यामुळे २६० जीएसएमचं कापड वर्गात अगदी योग्य. त्रास आहे तो घर ते कॉलेज. कापड दगा देत नाही, दगा देतं अस्तर. पॉलिएस्टरचं फुल अस्तर म्हणजे अंगाला प्लास्टिकची पिशवी, हवा जात नाही, घाम शोषत नाही. दिल्लीत तेच अस्तर हवंसं वाटलं होतं (ब्लेझर शर्टवरून कसा सरकतो त्याने!) पण लोकलमध्ये आठ बत्तीसला दारात उभं राहून बघा. एप्रिलमध्ये मास्टरकडे जाऊन पाठीचं अस्तर अर्ध्यावरून कापून घेतलं, बाह्यांना व्हिस्कोसचं बसवलं, ६०० रुपये. फरक जमीन-अस्मानाचा. पहिल्यांदाच हाफ अस्तर सांगितलं असतं तर वाचले असते पैसे.

पावसाळ्यात वाट लागली. जूनमध्ये ड्रायक्लीन करून त्यांच्याच प्लास्टिकमध्ये कपाटात टांगला, जुलैच्या शेवटी काढला तर कॉलरच्या मागे पांढरे ठिपके आणि कुबट वास. लोकर आपल्या वजनाच्या चांगला ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेते आणि वरून कोरडी लागते, त्यात प्लास्टिक म्हणजे बुरशीला आमंत्रणच. ब्रशने झाडला, उन्हात... ऊन कुठलं जुलैमध्ये, पंख्याखाली दोन दिवस ठेवला. तेव्हापासून आजीच्या जुन्या सुती साडीचं कव्हर शिवलंय, खिशात डांबराच्या गोळ्या रुमालात बांधून. कसर अजून लागलेली नाही.

ड्रायक्लीन एकूण चार वेळा. चौथ्यांदा घाईत कोपऱ्यावरच्या दुसऱ्याच लाँड्रीत टाकला आणि उजव्या लॅपलवर, म्हणजे कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर, फुगे आले, बारीक, पाण्यावर येतात तसे. मास्टरने बोट फिरवून सांगितलं, आतलं फ्यूजिंग सुटलं. स्वस्त सुटात आकार धरून ठेवणारं आतलं जाड कापड, म्हणजे कॅनव्हास, हाताने टाकत नाहीत, गोंदवालं कापड इस्त्रीने चिकटवतात, जास्त वाफ किंवा केमिकल लागलं की गोंद सोडतो. ओला रुमाल ठेवून दाबून इस्त्री केली तर दोन-तीन तास बसतं, मग परत फुगतं. लाँड्रीवाल्याने हात वर केले. पँटला बसायच्या जागी चमक आलीय, ती माझीच करणी, वर कापड न ठेवता थेट इस्त्री फिरवत होते. मांड्यांच्या आतून गोळे येतायत, ब्लेडने काढते. बटण एक गेलं. खिसे मात्र ठणठणीत, मास्टरकडून सहा इंच खोल करून घेतलेले, फोन, पास, पेन सगळं मावतं, वर्गातल्या पोरी येऊन हात घालून बघतात.

परत शिवला तर? हेच कापड, हाफ अस्तर, समोरच्या भागात तरी कॅनव्हास, त्याचे हजार-दीड हजार जास्त गेले तरी. आणि नेव्हीऐवजी चारकोल, नेव्हीवर पांढरा धागा न् धागा दिसतो.

सध्या सूट मास्टरकडेच आहे. मावसबहिणीला जानेवारीत चंदीगडला लॉ कॉलेजचा कॉल येईल असं वाटतंय, ती माझ्यापेक्षा दोन बोटं उंच, तर पँटची घडी सोडवून लांबी मिळते का बघायचं होतं. आत सव्वा इंच कापड निघालं, जुन्या घडीची रेघ तेवढी दिसेल. तिला थर्मल घालूनच ट्रायलला ये म्हणून सांगितलंय, रविवारी दुपारी, दादरला, आणि ती आत्तापासून शिव्या देतेय.